ख्रिश्चन कॉलेजात सायकॉलॉजी घेऊन तीन वर्षं झाली, विचारा काय विचारायचं ते

रेघोटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मी एका ख्रिश्चन कॉलेजात सायकॉलॉजी मेजर आहे, शेवटचं वर्ष चालू आहे. हे कुणाला सांगितलं की दोनच प्रश्न येतात. उपासनेला भेटणारी मंडळी विचारतात, "फ्रॉइड वगैरे वाचून विश्वास ढळत नाही का गं?" आणि बाकीचे विचारतात, "तिथे खरं सायकॉलॉजी शिकवतात की नुसतं बायबल?" माझे आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यांचा प्रश्न तिसराच होता, तो शेवटी सांगते आठवण राहिली तर.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कारण ते सोपं आहे. विषय तेच असतात हो. इंट्रो, स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, बायोलॉजिकल, डेव्हलपमेंटल, सोशल, अ‍ॅबनॉर्मल. टेक्स्टबुकं पण तीच. गंमत म्हणजे इंट्रोचं जे पुस्तक कितीतरी सेक्युलर युनिव्हर्सिट्यांत लावलेलं असतं ते डेव्हिड मायर्स यांचं, आणि या माणसाची सगळी कारकीर्द मिशिगनच्या होप कॉलेजात गेली, जे स्वतः ख्रिश्चन कॉलेज आहे. म्हणजे "खरं सायकॉलॉजी" शिकणारी पोरंसुद्धा ख्रिश्चन कॉलेजातल्या मास्तरांचंच पुस्तक वाचून पास होतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

वेगळं काय, तर वरचा थर. बायबल आणि थिऑलॉजीचे काही क्रेडिट्स सगळ्यांनाच, चॅपेलची म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेची हजेरी, आणि शेवटच्या वर्षी एक मोठा पेपर लिहायचा ज्याला इंटिग्रेशन पेपर म्हणतात. माणसाविषयी ख्रिस्ती विश्वास काय सांगतो, सायकॉलॉजी काय सांगते आणि तुम्ही या दोघांना एकत्र कसं बसवता किंवा बसवत नाही. मी सध्या त्यातच अडकलेय, म्हणून तर इथे टाइमपास चाललाय.

निमूट

धागा छान. पण प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. विज्ञान म्हणतं वर्तनाला कारणं असतात, धर्म म्हणतो माणूस स्वतंत्र आहे आणि पापाला जबाबदार आहे. यातलं एक काहीतरी सोडावं लागणारच ना? की परीक्षेपुरतं एक आणि रविवारी दुसरं?

रेघोटी

निमूट, राग कसला, आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरला हाच प्रश्न सर स्वतः टाकतात. फिनिअस गेजची केस तुम्हाला माहीत असेलच, १८४८ मध्ये सुरुंग उडून लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, माणूस वाचला पण मित्र म्हणायला लागले की हा आता आमचा गेज नाही. सर म्हणाले, आता तो शिव्या देतो, शब्द पाळत नाही, तर हे पाप कुणाचं, गेजचं की पहारीचं? वर्गात असली शांतता पसरली म्हणून सांगू. मग एक मुलगा म्हणाला की मेंदू हे फक्त यंत्र, आत्मा आत शाबूत आहे. सरांनी विचारलं, मग तो आत्मा दिसायचा कशातून? पुढचा अर्धा तास भांडण.

उत्तर काय निघालं म्हणाल तर एकच एक नाही निघालं. पण मला त्या दिवशी कळलं की या बाबतीत ख्रिस्ती लोकांत पण एकमत नाहीये. नॅन्सी मर्फी म्हणून एक तत्त्वज्ञ आहेत, फुलर सेमिनरीत (सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज) शिकवायच्या, त्या स्वतः विश्वासू ख्रिस्ती असून म्हणतात की शरीरापासून सुटा असा वेगळा आत्मा मानायची गरजच नाही, माणूस म्हणजे अखंड देहच, पण म्हणून तो नुसता रसायनांचा खेळ ठरत नाही. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने आधी मला आणि मग मर्फीबाईंना झोडपलं असतं.

परीक्षेपुरतं एक आणि रविवारी दुसरं, असं करणारे आहेतच, खोटं कशाला बोलू. पण तसं करणारे कुठल्या कॉलेजात नसतात?

शब्दवेडा

मध्येच तोंड घालतो, विषयच आवडता आहे. सायकी या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी जीव, प्राण, आत्मा. सायकॉलॉजिया हा शब्द पुस्तकाच्या नावात घालणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत गोक्लेनियस हे जर्मन प्राध्यापक येतात, साल १५९०, आणि त्या पुस्तकात चर्चा आहे ती आत्म्याचीच. पुढे फ्रॉइडसुद्धा जर्मनमध्ये झेले हाच शब्द वापरायचा, ज्याचा साध्या बोलण्यातला अर्थ आत्मा. इंग्रजीत येताना त्याचं मन आणि मानसिक झालं. म्हणजे नास्तिक फ्रॉइडच्या जर्मनमध्ये आत्मा होता आणि भाषांतरकारांनी तो काढून टाकला, हे आम्हा भाषांतरवाल्यांचं पाप.

आणि हिब्रूमधला नेफेश, ज्याचं बायबलात ठिकठिकाणी आत्मा असं भाषांतर होतं, त्याचा मूळ अर्थ घसा, श्वास, जिवंत प्राणी असा आहे. मला वाटतं आपल्या मराठीत त्याला जितका जवळचा शब्द आहे तितका इंग्रजीतही नसेल, तो म्हणजे जीव. जीव कासावीस होतो, जीव टांगणीला लागतो, जीव भुकेला असतो, जीव जडतो, जीव जातो. यातला कुठला जीव शरीराचा आणि कुठला मनाचा ते सांगा बघू. मर्फीबाईंना मराठी येत असतं तर निम्मं पुस्तक लिहायचं वाचलं असतं.

रेघोटी

शब्दवेडा, थांबा थांबा, जीवचं हे मी पेपरात घालणार!! तुमचं नाव काय म्हणून देऊ, शब्दवेडा असंच? हाहा.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. डिप्रेशन आलं की गुडघे टेकून प्रार्थना करा असं शिकवत असतील, डिग्री मिळाली.

खडूफळा

तिरकसराव, तुमच्या नावाला तुम्ही जागलात. मी आयुष्यभर हा विषय शिकवला (आता निवृत्त), ख्रिस्ती नाही, पण इतिहास थोडा वेगळा आहे तो सांगतो, लांबेल बरं का.

अमेरिकेत मानसशास्त्राची पहिली पीएचडी ज्याची मानतात तो स्टॅनले हॉल, हार्वर्ड, १८७८, हा आधी सेमिनरीत पाळक व्हायला गेलेला. कार्ल रॉजर्स, ज्याच्या क्लायंट सेंटर्ड थेरपीवर (समोरच्याला मोकळेपणी बोलू द्यायचं आणि ऐकून घ्यायचं) आजचं अर्धं समुपदेशन उभं आहे, तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षं काढून मग समोरच्या टीचर्स कॉलेजात गेला. पाळकाने शांतपणे ऐकून घ्यावं आणि निवाडा करू नये हे कुठून आलं असेल ते तुम्हीच ठरवा.

त्याच्याही आधी, इंग्लंडच्या यॉर्कमध्ये विल्यम ट्यूक नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चहाव्यापाऱ्याने १७९६ मध्ये रिट्रीट नावाचं घर उघडलं. त्यांच्या पंथातली एक बाई तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० मध्ये वारली, भेटायला गेलेल्या मंडळींना आत सोडलं नव्हतं. तेव्हा या लोकांनी ठरवलं की आपण साखळदंडाशिवाय, माणसासारखं वागवून बघू. बाग, काम, गप्पा. मानसोपचाराच्या इतिहासात हे पान कुणाला गाळता येत नाही.

आणि फ्रॉइड. १९२७ मध्ये त्याने धर्म म्हणजे भ्रम असं पुस्तक लिहिलं हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याचा वीसेक वर्षांचा जिवलग मित्र ऑस्कर फिस्टर हा झुरिकचा पाळक आणि स्वतः मनोविश्लेषक, त्याने पुढच्याच वर्षी त्याला जाहीर उत्तर लिहिलं, आणि मैत्री तुटली नाही! फ्रॉइड जाईपर्यंत पत्रव्यवहार चालू होता. मी दरवर्षी मुलांना हे सांगायचो आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, सर परीक्षेला आहे का.

निमूट

खडूफळा सर, मान्य, पण इतिहासात धार्मिक माणसं होती याने आजचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा सगळेच धार्मिक होते.

खडूफळा

बरोबर पकडलंत. नाहीच सुटत. मला फक्त "प्रार्थना करा आणि डिग्री घ्या" याला उत्तर द्यायचं होतं.

पानगळ

खूप माहितीपूर्ण धागा. माझी मुलगी यंदा अर्ज करतेय, एक ख्रिश्चन कॉलेज तिच्या यादीत वर आहे. आमच्या घरी कुणी ख्रिस्ती नाही. रेघोटी, तिला तिथे परकं वाटेल का? आणि या डिग्रीवर ती लगेच कौन्सेलर होऊ शकते का? तिला वाटतंय की चार वर्षांत क्लिनिक उघडेल.

रेघोटी

पानगळ ताई, क्लिनिकचं आधी सांगते म्हणजे गैरसमज नको. नाही. बॅचलर्सवर थेरपिस्ट होता येत नाही, पुढे मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग सुपरवायझरच्या हाताखाली तास भरायचे, मग लायसन्स. हे ख्रिश्चन असो की नसो, सगळीकडे साधारण तसंच. आमच्या वर्गातली निम्मी मुलं हे दुसऱ्या वर्षी कळल्यावर एचआरकडे वळली. पुढे जायचं असेल तर पहिल्या वर्षापासून कुठल्या तरी प्रोफेसरच्या संशोधनात हात घालायचा, डेटा एंट्री का असेना. छोट्या कॉलेजांचा हा फायदा आहे की प्रोफेसर नावाने ओळखतात, आणि तोटा हा की लॅब म्हणजे कधीकधी एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर जो चालत नाही.

परकं वाटेल का, हे कॉलेजवर आहे. ख्रिश्चन हे नाव एकच पण आत फार फरक असतो. काही ठिकाणी ते नाव आता इतिहासापुरतं उरलंय, चॅपेल आहे पण कुणी जबरदस्ती करत नाही. कॅथलिक कॉलेजांचा सूर वेगळा, तिथे इतर धर्मांची मुलं सर्रास असतात. काही ठिकाणी प्राध्यापकांना विश्वासाच्या कबुलीपत्रावर सही करावी लागते पण विद्यार्थ्यांना नाही, आणि काही ठिकाणी विद्यार्थ्यांनाही, शिवाय वागण्याचे नियम असतात, त्यात डेटिंगपासून दारूपर्यंत सगळं. हे सगळं अर्ज करायच्या आधी वाचायचं, नंतर नाही. मी नंतर वाचलं, असो.

आणि सायकॉलॉजी डिपार्टमेंट कुठल्या पठडीचं आहे हे बघा. आम्हाला शेवटच्या वर्षी पाच दृष्टिकोन शिकवतात. एका टोकाला मायर्स सर आहेत, ते म्हणतात की विज्ञान आणि विश्वास ही एकाच गोष्टीकडे बघायच्या वेगवेगळ्या पातळ्या आहेत, एकमेकांच्या पायात पाय घालू नका. दुसऱ्या टोकाला बिब्लिकल कौन्सेलिंगवाले. जे अ‍ॅडम्स या पाळकाने १९७० मध्ये ते सुरू केलं, त्याचं म्हणणं असं की मेंदूचा शारीरिक बिघाड सोडला तर मनाच्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा पापच असतं आणि त्यावर पवित्र शास्त्रातून बोध करणं हाच उपाय, सायकॉलॉजिस्टांचं तिथे काही काम नाही. मध्ये इंटिग्रेशनवाले आणि आणखी दोन छटा. तर पानगळ ताई, तुमच्या मुलीच्या कॉलेजात डिपार्टमेंट या दुसऱ्या टोकाचं असेल तर ती जे सायकॉलॉजी समजून जातेय ते तिला तिथे मिळणार नाही. वाईट म्हणून नाही सांगत, वेगळं आहे म्हणून.

तिरकस

म्हणजे माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं तर. एका टोकाला.

रेघोटी

एका टोकाला, हो. घ्या एक गुण.

मधलीसुट्टी

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

मी ख्रिस्ती घरातलाच, आणि अशाच कॉलेजातून याच विषयात बाहेर पडून बरीच वर्षं झाली. दुसऱ्या वर्षाला असताना माझं प्रार्थनेचं एक प्रकरण सुरू झालं. प्रार्थना म्हणताना मध्ये एखादा घाण विचार आला की ती पहिल्यापासून. शब्द अडखळला, पहिल्यापासून. मनापासून नाही म्हटली असं वाटलं, पहिल्यापासून. सुरुवातीला पाच मिनिटं लागायची, डिसेंबरपर्यंत दीड दोन तास. रूममेटला वाटायचं काय भक्त माणूस आहे. त्यात कुठेतरी वाचलं होतं की एका पापाला क्षमा नाही, पवित्र आत्म्याविरुद्ध बोलण्याच्या, आणि ते आपण मनात बोलून गेलो की काय ही भीती बसली. मग कबुली. ज्याला त्याला कबुली. मित्राला मेसेज करून सांगायचो की काल मी तुझ्याबद्दल असा विचार केला होता, माफ कर, त्या बिचाऱ्याला काही कळायचंच नाही.

आमच्या प्रार्थनागटात जो सीनियर होता त्याला सांगितलं, तर तो म्हणाला तुझा विश्वास कमी पडतोय, आणखी प्रार्थना कर. चांगला मुलगा होता, वाईट हेतू नव्हता. पण दारूचा त्रास होतोय म्हणणाऱ्याला आणखी एक पेग भरून द्यावा तसं झालं ते.

पुढच्या सेमिस्टरला अ‍ॅबनॉर्मलचा तास. ओसीडी चालू होतं, म्हणजे नको ते विचार येत राहतात आणि त्यापायी तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते तो आजार. हात धुणं, कुलूप बघणं, ते सगळं मी नोट्समध्ये उतरवत होतो, माझा काय संबंध. मग बाई म्हणाल्या की याचा एक धार्मिक प्रकार असतो, स्क्रुप्युलॉसिटी, लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत गेलेला खडा. म्हणाल्या, लॉयोलाचा संत इग्नेशियस केलेलीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, धर्मसुधारक ल्यूथर कबुलीला तासन्‌तास बसायचा आणि बाहेर पडून अजून एक आठवलं म्हणून परत यायचा. वर्गात पोरं हसली. मी नाही हसलो. पेन खाली ठेवलं आणि कान गरम झाले एवढं आठवतंय.

उपचाराला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, सोप्या भाषेत म्हणजे ज्याची भीती वाटते ते मुद्दाम होऊ द्यायचं आणि त्यावरचा तोडगा करायचा नाही. माझ्या बाबतीत काय, तर प्रार्थना मुद्दाम मध्येच तोडायची. आमेन न म्हणता उठायचं आणि जेवायला जायचं. थेरपिस्टने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं हा माणूस मला नरकात पाठवतोय. मी नाही म्हटलं. तर ते म्हणाले ठीक आहे, तुझ्या पाळकांना विचारू, तू परवानगी दे. आणि पाळकांनी फोनवर जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही, ते म्हणाले, तुझ्या अर्धवट प्रार्थनेची जबाबदारी माझ्यावर, देवाने विचारलं तर माझं नाव सांग.

दुसऱ्या कुठल्या कॉलेजात मला ओसीडीचं निदान झालं असतंच कदाचित, लवकरही झालं असतं. पण पाळकाला फोन लावायचं कुणाला सुचलं असतं का, माहीत नाही. आणि हेही खरं की त्याच कॉलेजात सहा महिने माझा आजार सगळ्यांना पुण्य वाटत होता.

पानगळ

मधलीसुट्टी, वाचून डोळ्यात पाणी आलं. आता कसे आहात?

मधलीसुट्टी

बरा आहे ताई. अधूनमधून खडा येतो, चप्पल झटकतो.

निमूट

माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रतिसाद भारी आहे. इथे थांबतो, म्हणजे विचारायचं थांबतो, वाचतोय.

रेघोटी

मधलीसुट्टी दादा, थँक्यू. आमच्या अ‍ॅबनॉर्मलच्या वर्गात स्क्रुप्युलॉसिटीला जेमतेम एक स्लाइड होती. ख्रिश्चन कॉलेजात एक स्लाइड! खरं तर अख्खा आठवडा पाहिजे.

तिरकस यांच्या प्रार्थनेच्या मुद्द्यावर आता नीट लिहिते. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने धार्मिक कोपिंगवर, म्हणजे संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो यावर, आयुष्यभर काम केलंय आणि त्यात त्याने एक सरळ फरक केलाय. संकटात देव माझ्याबरोबर आहे, माणसं माझ्याबरोबर आहेत असा आधार घेणारा साधारण बरा सावरतो, आणि देव मला शिक्षा देतोय, देवाने मला टाकलं असं घेणारा आणखी खचतो. प्रार्थना दोघंही करतात! म्हणजे "प्रार्थना करतोस का" हा प्रश्नच अपुरा आहे, "करताना समोर कोण दिसतं" हे विचारायला पाहिजे. आणि ते विचारायला त्या घरातली भाषा यावी लागते. डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) पण १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपासून धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या अशी वेगळी नोंद आहे, आजार म्हणून नाही, लक्ष द्यायची बाब म्हणून.

सगळ्यात अवघड तास कुठला तेही सांगते, कारण सगळं गोड गोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल जाहिरात करतेय. लैंगिकतेचा. टेक्स्टबुकात लिहिलंय की समलैंगिकता हा आजार नाही, अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच तो यादीतून काढला, आणि बदलण्याच्या थेरप्यांचा उपयोग होत नाही, उलट इजा होते. एक्झोडस इंटरनॅशनल नावाची ख्रिस्ती संस्था कितीतरी वर्षं हेच बदलण्याचं काम करत होती, ती २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. हे सगळं आम्हाला शिकवलं, लपवलं नाही. पण वर्गाबाहेर कॉलेजच्या नियमावलीत वेगळंच लिहिलेलं असतं. आणि वर्गात कुणीतरी बसलेलं असतंच ज्याच्यासाठी हा चॅप्टर नसतो, आयुष्य असतं. आमच्या प्रोफेसर शिकवताना एकेक शब्द तोलून बोलत होत्या, कारण त्यांनी पण कबुलीपत्रावर सही केलेली आहे. यावर कुणी मला म्हणालं की हे ढोंग आहे तर मी वाद घालणार नाही. मी स्वतः काय मानते ते मी पेपरात लिहिलंय, आणि किती मार्क पडतात बघू.

खडूफळा

रेघोटी, धीराने लिहिलंस. मार्कांचं कळव.

जाता जाता एक प्रयोग सांगतो, तुझ्या पेपरात चालेल. डार्ली आणि बॅटसन, १९७३, प्रिन्स्टनची सेमिनरी. पाळक होऊ घातलेले ४० विद्यार्थी. काहींना सांगितलं की चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलातली गोष्ट) छोटं भाषण द्यायचंय, काहींना दुसराच विषय, आणि भाषणाला पलीकडच्या इमारतीत जायचं. वाटेत दारात एक माणूस वाकून खोकत, कण्हत पडलेला, अर्थात नाटक. काहींना सांगितलेलं की वेळ आहे सावकाश जा, काहींना वेळेवर आहात, आणि काहींना उशीर झाला पळा. सावकाश जाणाऱ्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्यांतले ४५, घाईतल्यांपैकी १०. भाषणाचा विषय दाखला होता की नाही याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर बोलायला जाताना त्या पडलेल्या माणसाला ओलांडून गेले.

तिरकस

हे म्हणजे माझ्या बाजूचं झालं की!

रेघोटी

तिरकस, थांबा, ४० जण आणि त्यांचे सहा गट, म्हणजे एकेका गटात किती उरले ते मोजा आणि मग नाचा. (स्टॅटिस्टिक्समध्ये कसाबसा बी मिळालाय पण एवढं कळतं.) पण सर, हा प्रयोग आम्हाला कुठे ऐकवला माहितेय? वर्गात नाही, चॅपेलमध्ये. नऊला चॅपेल संपतं आणि नऊ दहाला लेक्चर, आणि बोलणारे म्हणाले आता तुम्ही सगळे धावत जाल तेव्हा जिन्यात बघा कोण बसलंय. त्या दिवशी सगळे जिन्यात इकडे तिकडे बघत चालले होते, कुणीच बसलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखी पळापळ.

शब्दवेडा

आजोबांचा प्रश्न राहिला.

रेघोटी

हो की. आजोबा म्हणाले होते, "मन बरं करायला देव पुरत नाही का?" मी तेव्हा पहिल्या वर्षात, तावातावाने म्हणाले की मोडलेल्या हाताला प्लास्टर घालता तेव्हा विचारता का देव पुरतो की नाही. ते गप्प बसले. मला वाटलं जिंकले.

नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं की त्यांच्या मंडळीत एक बाई होत्या, बाळंतपणानंतर उठेचनात, बोलेचनात, आणि आजोबा रोज जाऊन प्रार्थना करायचे, कारण त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. त्या बाईंचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण त्यांचा प्रश्न मला हरवायला नव्हता, तो ते स्वतःलाच विचारत होते, एवढं मला कळायला तीन वर्षं आणि पोस्टपार्टम डिप्रेशनचा चॅप्टर लागला. आता ते नाहीत.

मधलीसुट्टी

हे पेपरात आहे ना?

रेघोटी

नव्हतं. आज रात्री घालते.

पानगळ

काल कॉलेज बघायला गेलो होतो. या धाग्यामुळे मी नियमावली आधीच वाचून गेले, लेकीला भयंकर लाज वाटली. विद्यार्थ्यांना सही नाही, चॅपेल आठवड्यातून दोनदा, इतर धर्मांची मुलं आहेत. डिपार्टमेंटच्या सरांना मी मधलीसुट्टी यांचाच प्रश्न विचारला, नाव न घेता, की एखादा मुलगा दोन दोन तास प्रार्थना करायला लागला तर तुम्ही त्याला कुणाकडे पाठवता. ते जरा थांबले आणि म्हणाले, आधी कौन्सेलिंग सेंटर, आणि त्याची हरकत नसेल तर चॅप्लेनना, म्हणजे कॉलेजच्या पाळकांना, पण त्याच आठवड्यात, दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. मग म्हणाले हे तुम्हाला कसं सुचलं विचारायला.

लेक म्हणतेय इथेच. पण तिला गणिताची भीती वाटते, स्टॅटिस्टिक्स किती अवघड असतं?

रेघोटी

उत्तर छान दिलं सरांनी. स्टॅटिस्टिक्स घाबरण्याइतकं नसतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत मागे पडली की संपलं, आणि सकाळच्या बॅचला नाव घालू नको म्हणावं. तिला माझा आयडी द्या, नोट्स आहेत माझ्याकडे, अक्षर वाईट आहे.

तिरकस

नोट्स मलाही पाठवा, गट मोजायचेत.